समुपदेशक ताई, आधी दार बघायला शिकवलंत त्याबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

लहानपणीच्या आघातांची चौकशी म्हणजे दहा प्रश्नांचा कागद पुढे सरकवायचा, असं उपकेंद्रात आम्ही सगळ्या धरून चाललो होतो. तुम्ही कागद बाजूला ठेवून आधी दार बघायला लावलंत. सासू बाकावर असेल तर विषय काढायचाच नाही. दर महिन्याच्या 9 तारखेला तपासणीला गरोदर बायकांची झुंबड असते, त्या दिवशी तर नाहीच. वजन-बीपीच्या निमित्ताने बाईला एकटीला आत घ्यायचं, ही युक्ती तुमचीच.

हे प्रश्न अमेरिकेतल्या सॅन दिएगोतल्या 17 हजारांहून जास्त लोकांच्या पाहणीतून आले. पण ‘हो’ किती आले त्या बेरजेला, म्हणजे स्कोअरला, किती मान द्यायचा, ते तुम्ही सांगितलंत. एकच ‘हो’ म्हणणारीने तो छळ वर्षानुवर्षं सोसलेला असू शकतो, चार ‘हो’वाली आज खमकी असू शकते. पाहणीच्या दोन प्रमुखांपैकी रॉबर्ट अँडा यांनीही 2020 साली बजावलं, की हा स्कोअर एकेका माणसावर शिक्का मारायला नाही. आणि विचारायची तीही फक्त बेरीज, कुठल्या प्रश्नाला ‘हो’ ते नाही. वाचता न येणारीला प्रश्न वाचून दाखवायचे. ती पदराखाली बोटं दुमडत मोजते. नको म्हणाली, तर नको.

‘कुणाला सांगणार नाही’ असं सरसकट वचन देऊ नका, हे तुम्ही टोकलंत तेव्हा अवघड वाटलं होतं. 18च्या आतल्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सो या बालसंरक्षण कायद्याच्या कलम 19 प्रमाणे कळवावंच लागतं. ते प्रश्नांआधी सांगायचं, नंतर सांगितलं तर दगा ठरतो. ‘तेव्हाच का नाही बोललीस?’ हे तर तोंडातून निघताच कामा नये.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो आतल्या तपासणीत. ‘पाय सैल सोड’ म्हणून दटावलं की ती आणखी आखडते. आता आधी स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग तपासायचं साधन, तिच्या हातात देतो, ‘हात वर केलास की थांबेन’ म्हणतो, आणि हात वर झाला की खरंच थांबतो.

बेरीज माता-बाल कार्डावर कधीच लिहीत नाही. ते कार्ड घरात दीरापासून सगळे चाळतात. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर 14416 मात्र प्रत्येकीला तोंडपाठ करून देतो, तिने काही सांगितलं असो वा नसो.

तुमच्या,
उपकेंद्रातल्या सिस्टर आणि आशाताई