आधी मोरी, मग तंबू

महोदय,

बेघर कुटुंबांना शहरात तात्पुरती, कायदेशीर मुक्कामाची जागा द्यावी की नाही, यावर पुष्कळ बोलले जाते. जागा दिल्यावर कामे कोणत्या क्रमाने करायची, यावर मात्र फारसे कुणी बोलत नाही. आमच्या मते अशा वसाहती तिथेच बिघडतात. तंबू उभे राहिले की कुटुंबे त्याच दिवशी आत येतात, आणि माणसे राहायला आल्यावर चर खणणे, नळ टाकणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून आधी उतार आणि निचरा, मग पाणी, संडास, वाट आणि दिवे. तंबू सर्वांत शेवटी.

मोजमापासाठी आपत्तीतील निवाऱ्यांचे ‘स्फिअर’ निकष हाताशी आहेत. वाटा, संडास, मोकळी जागा धरून माणशी ४५ चौरस मीटर, त्यातले साडेतीन छताखाली. रोज माणशी किमान १५ लिटर पाणी. २० माणसांमागे एक संडास, तोही तंबूपासून ५० मीटरच्या आत. ५० कुटुंबे आणि घरटी पाच माणसे धरली, तर ३,७५० लिटर पाणी, १३ संडास आणि एक हेक्टरहून थोडी जास्त जमीन लागते. भर शहरात एवढी जमीन मिळणे कठीण. अशा वेळी कुटुंबे कमी घ्यावीत, तंबूंमधले अंतर कमी करू नये. दोन मीटरपेक्षा जवळ तंबू असले की एकाची आग दुसऱ्याला लागते. स्वयंपाकाची सामायिक शेडही हवीच. बंद तंबूत शेगडी पेटवली तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, आणि झोपलेली मुले उठत नाहीत.

पाण्याच्या बाबतीत नुसत्या निकषावर विसंबू नये. २५० माणसांमागे मिनिटाला साडेसात लिटर देणारा एक नळ कागदावर पुरतो. पण दिवसाचे पाणी द्यायला तो सलग आठ तासांहून जास्त वाहावा लागतो, आणि कामावर, शाळेत जाणाऱ्यांना पाणी सकाळच्या दोन तासांत हवे असते. तेवढ्या वेळात चार नळ ३,६०० लिटर देतात. म्हणून चार नळ आणि पाच हजार लिटरची टाकी धरावी. प्रत्येक नळाखाली सिमेंटचा ओटा आणि तिथून निघणारी मोरी हवी. नाहीतर आठवड्यात चिखल आणि मग डास.

जमिनीला शंभर मीटरला एक ते पाच मीटर उतार असावा. शोषखड्ड्याचा संडास असेल तर त्याचा तळ भूजलापासून किमान दीड मीटर वर राहिला पाहिजे. टाकीचा संडास असेल तर मैला उपसणारी गाडी तिथवर जाते का, हे जागा ठरवतानाच पाहावे. संडासाला आतून कडी आणि वाटेवर दिवा हवा. अंधारात बायका-मुले जात नाहीत, मग संडास असून उपयोग काय? तंबूत अंथरलेले प्लास्टिक भिंतीबाहेर डोकावू देऊ नये. बाहेर राहिलेल्या पट्टीवर पाऊस साचतो आणि आत शिरतो.

कागदपत्रांचेही तसेच. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात २००० सालच्या डिसेंबरात सुरू झालेली ‘डिग्निटी व्हिलेज’ ही तंबूवस्ती २००१ मध्ये विमानतळाजवळ, पालिकेच्या जमिनीवर गेली. ओरेगॉन राज्याच्या कायद्यात अशा वस्तीला वाव आहे, म्हणून ती टिकली. मात्र शहराच्या मध्यापासून ती दूर पडली. कुटुंबांसाठी जागा निवडताना शाळा आणि बसथांबा चालत जाण्याच्या अंतरावर हवेत.

परवानगी लेखी असावी आणि तिच्यावर पोलीस, आरोग्य, अग्निशमन अशा सगळ्या खात्यांच्या सह्या असाव्यात. एका खात्याने दिलेली जागा दुसऱ्याने रिकामी करून घेतली, तर मुलांची शाळा पुन्हा सुटते. प्रत्येक कुटुंबाला वास्तव्याचे पत्र द्यावे. दाखला, नोकरी, टपाल सगळे त्यावर अडते. शेवटची तारीख परीक्षा किंवा पावसाळा टाळून ठरवावी, आणि पुढचे घर कोणते हे प्रत्येक कुटुंबाला त्या तारखेच्या तीन महिने आधी लेखी कळवावे.

— बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यासाठी काम करणारे कार्यकर्ते