टेबलावरची वाटणी

पणजी
रविवार, दुपार

प्रिय मन्या,

तुझा मेसेज रात्रपाळीत वाचला. दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून झोप झाल्यावर कागद घेऊन बसलोय. दिवाळीनंतर तू पुन्हा आमच्या कॅसिनोच्या जहाजावर पोकर टूर्नामेंट खेळायला येणार, आणि मागच्यासारखं शेवटच्या तिघांत ‘चल, बक्षिसं वाटून घेऊ’, म्हणजे डील, सुरू झालं तर काय करायचं, हा तुझा प्रश्न. शेवटच्या तिघांत पुन्हा पोचशीलच हे तू धरूनच चाललायस. त्याबद्दल तुझं कौतुक करायचं की कान पिळायचा, ते वहिनींना विचारतो.

आधी तू लिहिलेलं ते ‘डील करणारा भित्रा’ डोक्यातून काढ. पहाटेपर्यंत ब्लाइंड्स, म्हणजे पत्ते बघायच्या आधीच सक्तीने लावायच्या चिप्स, इतके वाढलेले असतात की तिघांकडे मिळून तीसेक बिग ब्लाइंडपुरत्याच (त्यातल्या मोठ्या पैजेपुरत्याच) चिप्स उरतात. मग खेळ कसला, पत्ता आला की ऑल-इन, सगळ्या चिप्स एकदम पुढे. एका छापा-काट्यावर लाखाचा फरक पडत असेल तर शहाणी माणसं वाटून घेतात, आणि त्यात काही चूक नाही. माझा राग डीलवर नाही, ती ज्या पद्धतीने गळ्यात मारली जाते त्यावर आहे.

पत्ते वाटणाऱ्या माझ्यासारख्या डीलरच्या खुर्चीतून हे फार स्पष्ट दिसतं. विषय कोण काढतो? दहातल्या नऊ वेळा ज्याच्यासमोर सगळ्यात कमी चिप्स आहेत तो. आणि काढतो तोही कसा, तर हात संपल्यावर नाही. मी पत्ते पिसत असतो, तेव्हा तो चिप्स खळखळवत सहज बोलल्यासारखं म्हणतो, ‘भाई, बराबर बराबर कर लेते हैं ना, घर चलते हैं.’ टेबलावर गोंयकार नसतोच. २०२० पासून त्यांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. बसलेले असतात दिल्लीचे, सुरतचे, हैदराबादचे, पुण्याचे. त्यामुळे सगळा आग्रह हिंदीत, आणि हिंदीत कोणी ‘भाई’ म्हटलं की आपला कोल्हापूरकर विरघळलाच. मागे उभे असलेले त्याचे दोस्त लगेच माना डोलावतात. चिप्समध्ये मधला असलेला गडी काहीच बोलत नाही, मोबाइलमध्ये बघत बसतो. त्या गप्प बसणाऱ्याकडे नीट बघत जा. त्याचं कारण आकड्यांत आहे.

समज, बक्षिसं ५ लाख, ३ लाख आणि २ लाख. एकूण चिप्सपैकी तुझ्याकडे ५० टक्के, मधल्याकडे ३०, तिसऱ्याकडे २०. ‘बराबर’ म्हणजे प्रत्येकी ३,३३,३३३. आता फ्लोअरवाल्याच्या, म्हणजे टेबलांवर देखरेख करणाऱ्याच्या, लॅपटॉपवर आयसीएम काढ, म्हणजे इंडिपेंडंट चिप मॉडेल. ते असं धरतं की चिप्सचा जितका वाटा, तितकी पहिलं येण्याची शक्यता, आणि पहिला वगळून उरलेल्यांना दुसऱ्या नंबरासाठी पुन्हा तोच हिशेब. त्यानुसार तुझे होतात ३,८३,९२९, मधल्याचे ३,२७,५०० आणि तिसऱ्याचे २,८८,५७१. म्हणजे ‘बराबर’ केलंस तर तुझ्या खिशातून पन्नास हजार गेले, त्यातले पंचेचाळीस हजारांच्या आसपास तिसऱ्याला आणि जेमतेम सहा हजार मधल्याला. मधला कशाला बोलेल? त्याला दोन्हीकडे सारखंच आहे, आणि वाईटपणा दुसऱ्याने घेतलेला बरा.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर म्हणशील मी एकतर्फी बोलतोय. चिप लीडर, म्हणजे सगळ्यात जास्त चिप्सवाले, तेसुद्धा कमी नसतात. ‘चिप्सच्या टक्क्यांनी सगळे पैसे वाटू’ असा साळसूद प्रस्ताव येतो. वरच्याच उदाहरणात तसं केलं तर लीडरला ५ लाख, म्हणजे एकही पत्ता न खेळता पूर्ण पहिलं बक्षीस, आणि तिसऱ्याला २ लाख, जे त्याला तसेही पक्के होतेच. तू शॉर्ट स्टॅक, म्हणजे सगळ्यात कमी चिप्सवाला, असलास आणि असं कोणी म्हणालं तर हसून सोडून दे. टक्क्यांनीच वाटायचं तर आधी प्रत्येकाला तिसऱ्या बक्षिसाचे २ लाख द्यायचे आणि उरलेले ४ लाख टक्क्यांनी. मग आकडे ४ लाख, ३ लाख २० हजार आणि २ लाख ८० हजार असे येतात, आयसीएमपेक्षा लीडरकडे थोडे झुकलेले, पण चर्चा करण्याजोगे. आणि आयसीएमला चिप्सपलीकडचं काही कळत नाही, हेही ध्यानात ठेव. पुढचा बिग ब्लाइंड कोणाचा, रात्रभर कोण चुकतोय, हे त्याला दिसत नाही. ते तुझं तू जोखायचं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने ऑनलाइन पैशाचे खेळ कायद्याने बंद केले. त्या खेळांत मुरलेली पोरं तुझ्या टेबलावर असली तर त्यांना हे आकडे तोंडपाठ असतात. कागद मागवायला लाजलास तर तेवढ्यात ती तुझा हिशेब करून मोकळी झालेली असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि याबद्दल तू एक अक्षर विचारलेलं नाहीस. टॅक्स. पत्त्यांच्या बक्षिसावर ३० टक्के टीडीएस आधीच कापला जातो, आणि प्रवेश फी, हॉटेल, पेट्रोल यातलं काहीही त्यातून वजा होत नाही. आता काहीजण म्हणतात, ‘हाऊसला, कॅसिनोला, कशाला सांगायचं? शेवटचे हात पटापट खेळू, जो जिंकेल त्याने बाहेर जाऊन बाकीच्यांना फरक द्यायचा.’ वरच्याच बक्षिसांवर, बराबरीचा सौदा ठरवून तू पहिला आलास असं धर. तुझ्या नावावर ५ लाख, हातात साडेतीन. मधल्याला ३३,३३३ द्यायचे, तिसऱ्याला १,३३,३३३. तुझ्याकडे उरले १,८३,३३३. मधल्याकडे त्याचे कापून आलेले २,१०,००० धरून २,४३,३३३. आणि तिसऱ्याकडे? २,७३,३३३! टूर्नामेंट जिंकणाऱ्याला सगळ्यात कमी आणि तिसऱ्याला सगळ्यात जास्त, वर ५ लाखांचं उत्पन्न रिटर्नमध्ये तुझंच. हे जहाजावरून परतणाऱ्या बोटीत बसल्यावर लक्षात येतं, आणि तोवर सगळे एकमेकांना मिठ्या मारून गेलेले असतात.

म्हणून डील करायचीच तर घड्याळ थांबवून. टूर्नामेंट डायरेक्टरला टेबलावर बोलव. चिप्स मोजू दे, आकडे कागदावर येऊ देत, तिघांचा होकार त्याने घेऊ दे, आणि बदललेल्या बक्षिसांप्रमाणे प्रत्येकाचा टीडीएस ज्याच्या त्याच्या पॅनवर कापू दे. डायरेक्टर ‘आमच्याकडे हे चालत नाही’ म्हणाला तर विषय तिथेच संपला. बाहेरचा सौदा करू नकोस, समोरचा कितीही सज्जन असला तरी. टेबलावर थोडी रक्कम आणि ट्रॉफी खेळण्यासाठी ठेवतात, तो मधला मार्ग मला आवडतो, कारण मग शेवटचे हात कोणी उगाच उधळत नाही. पण ‘ट्रॉफी तू घे, पैसे आम्हाला थोडे जास्त’ म्हणाले तर सावध हो. ती ट्रॉफी तुझ्या शोकेसमध्ये तांब्याभांड्याशेजारी छान दिसेल, पण तिची किंमत पन्नास हजार नाही.

आणि नको असेल तर? ‘खेळूया’ एवढंच म्हणायचं. कारण द्यायचं नाही. मागच्या वेळी तू नेमकं कारणच दिलंस, ‘अजून लवकर आहे’ म्हणालास, मग पुढच्या लेव्हलला त्यांनी पुन्हा विचारलं आणि तुला बोलायला काही उरलं नाही. प्रत्येक कारणाला उत्तर असतं. नुसत्या ‘खेळूया’ला नसतं. डीलला सगळ्यांचा होकार लागतो, एकाने नाही म्हटलं की झालं, आणि तो एक तू असण्यात काही गैर नाही. दुसऱ्यांदा विचारलं तर त्यांच्याशी बोलूच नकोस. डायरेक्टरकडे बघून सांग, ‘मला डील नको आहे, आता हा विषय बंद करा.’ ते त्याचं कामच आहे.

‘मग आम्ही दोघं मिळून तुला आधी बाहेर काढू’ असं हसत हसत बोलणारेही असतात. हसण्यावारी नेऊ नकोस, तिथल्या तिथे फ्लोअरला ऐकव. पोकर हा एकट्याने खेळायचा खेळ आहे, दोघांनी मिळून तिसऱ्याविरुद्ध खेळणं किंवा एकमेकांना सांभाळून घेणं, दोन्हीला दंड आहे. २०२५ च्या पोकरच्या वर्ल्ड सिरीजमध्ये दीड हजार डॉलर फीच्या एका स्पर्धेत शेवटच्या दोघांच्या खेळाबद्दल संशय आला, तेव्हा आयोजकांनी उरलेलं बक्षीस दोघांत सारखं वाटलं आणि विजेत्याचं ब्रेसलेट कोणालाच दिलं नाही.

एक आतली गोष्ट. पहाटे चार वाजता आम्हा डीलर लोकांनाही डीलच हवी असते. पाय सुटतात, झोप मिळते, आणि वाटणी झाली की खूश झालेले तिघंही टिप देतात. तेव्हा माझ्यासारख्याच्या चेहऱ्यावर ‘करून टाका ना’ दिसलं तर तो सल्ला समजू नकोस. आमचे पाय दुखत असतात.

तुझ्या प्रवेश फीत पेठेतल्या दोघांचे पैसे आहेत, बक्षिसात त्यांचाही वाटा, म्हणालास. मग हे त्यांच्याशी कोल्हापुरातच ठरव: आयसीएमपेक्षा किती कमीपर्यंत तू एकट्याने हो म्हणू शकतोस. पहाटे फोन करून विचारायला लागलास की टेबलावरच्या सगळ्यांना कळतं, आकडा अजून खाली येऊ शकतो.

येताना पॅन आणि आधार दोन्ही मूळ प्रती आण, मोबाइलमधला फोटो नको. आंबोलीमार्गे येत असशील तर सावंतवाडीला आईकडे डोकाव, ती तुझी वाट बघते आणि माझ्यासाठी काहीतरी डबा देईलच. जहाजावर मात्र मी तुला ओळख दाखवणार नाही, राग धरू नकोस. माझी ड्युटी तुझ्या टेबलावर लागली तर सुपरवायझरला सांगून मी टेबल बदलून घेईन. तू बाहेर पडलास की फोन कर, मग कॅफे ताटोत भाजी-पाव खाऊ. बिल तुझं, कितव्याही नंबरावर आलास तरी.

तुझा,
दत्ता