पहिली आवृत्ती ओळखताना

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची तीन छायाचित्रे पोहोचली. कॉपीराइटच्या पानावर ‘फर्स्ट एडिशन’ असे ठसठशीत छापलेले आहे, म्हणजे प्रत पहिल्या आवृत्तीचीच असणार, तेव्हा विक्रेत्याला होकार कळवू का, असे तू विचारले आहेस. अजून कळवू नकोस. ते दोन शब्द प्रकाशकाने छापलेले आहेत आणि ते कोणकोणत्या प्रतींवर राहू द्यायचे, हेही त्यानेच ठरवलेले असते. त्यामुळे तेवढ्यावरून निर्णय करता येत नाही.

आवृत्ती आणि मुद्रण हे शब्द आपण बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, आणि बहुतेक फसगत तिथेच सुरू होते. मजकुराची एकदा जुळणी झाली की त्या जुळणीवरून जितक्या प्रती निघतील त्या सगळ्या एकाच आवृत्तीच्या. मग त्या एका वेळी छापलेल्या असोत की दहा वर्षांत आठ वेळा. प्रत्येक वेळच्या छपाईला मुद्रण म्हणतात. संग्राहक जेव्हा पहिली आवृत्ती म्हणतो, तेव्हा त्याला पहिल्या आवृत्तीचे पहिले मुद्रण हवे असते. पाचव्या मुद्रणाची प्रत ‘पहिली आवृत्ती’ म्हणून विकणारा माणूस शब्दशः खोटे बोलत नसतो, आणि म्हणूनच मुद्रण कितवे, हा प्रश्न तू स्वतः विचारला पाहिजेस.

गेल्या काही दशकांतल्या कादंबऱ्यांपुरते याचे उत्तर सोपे आहे. कॉपीराइटच्या पानावर तळाशी १० पासून १ पर्यंत आकड्यांची एक ओळ असते आणि तिच्यातला सर्वांत लहान आकडा हा त्या प्रतीच्या मुद्रणाचा क्रमांक असतो. छपाईच्या प्लेटवर नवा मजकूर चढवण्यापेक्षा असलेला आकडा खरवडून काढणे सोपे आणि स्वस्त पडते, यातून ही पद्धत रूढ झाली. काही प्रकाशक विषम आकडे एका बाजूला आणि सम दुसऱ्या बाजूला मांडतात, म्हणजे आकडे कमी होत गेले तरी ओळ पानाच्या मध्याशीच राहते. तेव्हा ओळीची सुरुवात पाहून थांबू नकोस, १ कुठे आहे ते शोध. यालाही एक मोठा अपवाद आहे. रँडम हाउस हे अमेरिकन प्रकाशक कित्येक वर्षे आकड्यांची ओळ २ पासूनच छापत असे आणि तिच्यासोबत ‘फर्स्ट एडिशन’ हे शब्द असत. दुसऱ्या मुद्रणाच्या वेळी ते शब्द तेवढे काढून टाकले जात. हे ठाऊक नसलेल्या माणसाने ओळीत १ नाही म्हणून खरी प्रत परत ठेवली, तर त्यात नवल नाही.

तू घेऊ पाहतेस ती कादंबरी १९५० च्या दशकातली आहे, म्हणजे या ओळीच्या आधीची. त्या काळात प्रत्येक प्रकाशकाची रीत वेगळी होती. अमेरिकेत स्क्रिब्नर्स या प्रकाशकाने १९३० च्या सुमारास पहिल्या मुद्रणाच्या कॉपीराइटच्या पानावर ‘ए’ हे एक अक्षर छापायला सुरुवात केली. ब्रिटिश पुस्तकांत बहुधा ‘फर्स्ट पब्लिश्ड’ आणि वर्ष एवढेच असते. त्याखाली पुनर्मुद्रणाची ओळ आली, की प्रत नंतरची.

रीत पुरेशी नसते तिथे मुद्राराक्षसाच्या चुका उपयोगी पडतात. स्क्रिब्नर्सचीच ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही कादंबरी १० एप्रिल १९२५ रोजी प्रसिद्ध झाली तेव्हा ‘ए’ छापण्याची पद्धत नव्हती. पहिले मुद्रण २०,८७० प्रतींचे होते आणि त्यात पान २०५ वर ‘सिकँटायर्ड’ या जोडशब्दाच्या जागी ‘सिक इन टायर्ड’ पडले. पुढच्या मुद्रणात ते दुरुस्त झाले. तिच्या जॅकेटच्या, म्हणजे पुठ्ठ्यावरून घातलेल्या सुट्या कागदी वेष्टनाच्या, मलपृष्ठावर ‘जे गॅट्सबी’ या नावाचे पहिले अक्षर मोठ्या जेऐवजी छोट्या जेने छापले गेले होते आणि कित्येक प्रतींवर ते हाताने दुरुस्त केलेले आढळते. छापखान्यात कोणीतरी एकेक जॅकेट पुढ्यात घेऊन ते अक्षर सुधारले असेल, ही कल्पनाच मला फार जवळची वाटते. मात्र एका चुकीवर विसंबू नये, कारण कधीकधी चूक पुढच्या मुद्रणांतही तशीच राहून जाते. लेखकाच्या ग्रंथसूचीत, म्हणजे त्याच्या पुस्तकांच्या आवृत्त्या-मुद्रणांची तपशीलवार नोंद असते तिच्यात, त्या पुस्तकाच्या जेवढ्या खुणा दिल्या असतील, तेवढ्या सगळ्या प्रतीत जुळल्या पाहिजेत.

आता मला ज्याची खरी धास्ती आहे ते सांगते. छायाचित्रात जॅकेटच्या आत दुमडलेल्या पट्टीचा वरचा कोपरा कापलेला दिसतो. किंमत तिथेच छापलेली असते. पुस्तक भेट देताना किंमत कापण्याची चाल होती, म्हणून कापलेला कोपरा हा दोषच असे नाही; पण बुक क्लबच्या, म्हणजे क्लबच्या सभासदांसाठी वेगळ्या छापलेल्या, प्रतींच्या जॅकेटवर बहुधा किंमतच नसते, आणि कोपरा कापला की हा फरक कळायला मार्ग राहत नाही. अमेरिकेत बुक ऑफ द मंथ क्लब १९२६ पासून सभासदांना पुस्तके पाठवू लागला. त्याच्या पुष्कळ प्रती प्रकाशकाच्याच प्लेटवरून छापल्या जात, त्यामुळे काहींत ‘फर्स्ट एडिशन’ हे शब्दही तसेच उतरलेले आहेत.

पंचवीस वर्षांपूर्वी मी याच ठिकाणी चुकले. हवी असलेली कादंबरी एका विक्रेत्याकडे मिळाली. ‘फर्स्ट एडिशन’ हे शब्द होते, जॅकेटवर किंमतही होती. जॅकेट पुस्तकापेक्षा दोन-तीन मिलिमीटर उंच होते, ते मी पाहिलेही, पण सैल पडले असेल असे समजून सोडून दिले. काही महिन्यांनी प्लॅस्टिकचे आवरण घालण्यासाठी जॅकेट उतरवले आणि दिव्याखाली पुस्तक तिरके धरले, तेव्हा मागच्या पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात, कण्याच्या बाजूला, मसुराच्या दाण्याएवढा गोल खळगा दिसला. त्यात शाई नव्हती, रंग नव्हता, कापड तेवढे आत दाबलेले होते. ती बुक क्लबची खूण. आत क्लबची प्रत आणि बाहेर पहिल्या मुद्रणाचे जॅकेट, अशी ती जोडी कोणीतरी जुळवलेली होती. विक्रेत्याला ते ठाऊक होते की नाही, हे मला आजवर कळलेले नाही. त्या दिवसापासून जॅकेट उतरवल्याशिवाय मी एकही प्रत घेतलेली नाही.

आधुनिक कादंबरीच्या मोलाचा मोठा भाग जॅकेटमध्ये असल्यामुळे हल्ली त्याच्या हुबेहूब नकलाही निघतात. जॅकेट त्याच पुस्तकाचे असेल तर दोघांच्या झिजेचा मेळ बसतो. पुठ्ठ्यांच्या आतल्या कोऱ्या पानांवर, जॅकेटच्या पट्ट्या वर्षानुवर्षे टेकून राहिल्या त्या जागी, कित्येकदा तपकिरी छाया उतरलेली असते; तिची रुंदी पट्टीच्या रुंदीशी ताडून पाहा. १९५० च्या दशकातल्या पुस्तकावर बारकोड किंवा आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) आढळला तर पुढे काही पाहूच नकोस, कारण आयएसबीएन १९७० च्या सुमारास वापरात आला.

प्रकाशनपूर्व प्रतींचे तू विचारले होतेस. त्या आधी निघतात हे खरे, पण त्यांना पहिली आवृत्ती धरत नाहीत.

देशाचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. ‘लोलिता’ लिहिली गेली अमेरिकेत आणि इंग्रजीत, परंतु पहिल्यांदा १९५५ मध्ये पॅरिसला दोन हिरव्या खंडांत निघाली. अमेरिकन आवृत्ती १९५८ ची. ‘डॉक्टर झिवागो’ तर मूळ रशियन असूनही १९५७ मध्ये मिलानला इटालियन अनुवादात प्रथम छापली गेली, कारण सोव्हिएत संघात तिला परवानगी नव्हती. काही संग्राहक लेखकाच्या देशातली आवृत्ती धरतात, काही मूळ भाषेतली. माझ्या मते जगात जी सर्वांत आधी वाचकाच्या हाती आली तीच खरी पहिली, आणि इतर आवृत्त्यांचा उल्लेख त्यांच्या देशाच्या नावासह करावा. तुझ्या तिसऱ्या छायाचित्रात शीर्षकाच्या पानावर प्रकाशकाच्या नावाखाली लंडन आहे. कॉपीराइटच्या पानाचा वरचा भाग अंगठ्याने झाकला गेला आहे. तिथे ‘फर्स्ट पब्लिश्ड इन ग्रेट ब्रिटन’ असे शब्द असतील, तर ती अन्यत्र कुठेतरी आधी निघालेली असण्याची शक्यता आहे.

तेव्हा विक्रेत्याला नम्रपणे लिही, की जॅकेट उतरवून मागच्या पुठ्ठ्याचे, बाजूने प्रकाश पडेल असे छायाचित्र पाठवावे, आणि कॉपीराइटचे संपूर्ण पान, दोन्हीकडची कोरी पाने आणि पुठ्ठ्याची मोजलेली उंचीही कळवावी. चांगला विक्रेता याचा राग मानत नाही. छायाचित्रे आली की लगेच मला पाठव. तोवर मी ग्रंथसूचीतली त्या कादंबरीची नोंद काढून ठेवते.

तुझी,
आई