चि. सोन्याला, रविवारबद्दल

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

समोरासमोर बसलो की तू मोबाइलकडे बघतोस आणि माझा आवाज चढतो. म्हणून लिहितोय. रात्रपाळीला आज कामही कमी आहे.

क्रिकेटच्या कांगा लीगच्या संघात तुझं नाव आलं आणि पेढे संपायच्या आत घरात वादाला तोंड फुटलं. १९४८ पासून चालत आलेली ही स्पर्धा. भर पावसाळ्यात, उघड्या ओल्या खेळपट्टीवर, जिथे चेंडू एकदा गवतात गेला की तिथेच रुतून बसतो. पंधराव्या वर्षी मोठ्या माणसांत जाऊन तिथे बॅट धरायची म्हणजे चेष्टा नाही. मला तुझा अभिमान वाटतो, हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना विसरणार नाहीस.

अडचण एवढीच की सामने रविवारी असतात, आणि रविवार आपला चर्चचा.

आजीचं म्हणणं तू ऐकलंस. तिच्या लहानपणी नगरला रविवारी दुकानातून काडेपेटीसुद्धा आणत नसत. अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांनी लावलेलं ते वळण. तुला तो जाच वाटतो. आजीचा नियम मी जसाच्या तसा तुझ्यावर लादणार नाही, पण तिला जुनाट म्हणून हसणं मात्र बंद कर. त्या वळणाच्या पोटात काय होतं, ते तुला मुंबईच्याच गोष्टीतून सांगतो.

गिरण्यांच्या काळात आपल्या या शहरात कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. ती मिळवून दिली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सभा घेतल्या, हजारो सह्यांचे अर्ज केले, तेव्हा कुठे १८९० साली मालक रविवारला कबूल झाले. लोखंडे ख्रिस्ती नव्हते, सत्यशोधक होते. रविवार हा खंडोबाचाही वार, असं म्हणणारे ते. पण बायबलच्या दहा आज्ञांतली शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा काढून बघ. तिथे तू, तुझा मुलगा, मुलगी यांच्या बरोबरीने दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आतला उपराही आहे. कोणाकडूनही त्या दिवशी काम काढून घ्यायचं नाही, आज किती सूत काढलंस म्हणून विचारायचं नाही.

आता तुझा आठवडा बघ. सोमवार ते शुक्रवार शाळा, शाळा सुटली की नेट्स. शनिवारी सराव सामना. घरी येतोस ते 'सर काय म्हणाले' हे सांगत. शनिवारी तू शून्यावर बाद झालास आणि रात्री जेवला नाहीस, हे आई मला सांगते. सातही दिवस कोणी ना कोणी तुझं माप घेतंय. मला धास्ती आहे ती याची. एखादी उपासना बुडल्याने देव काही तुझ्या नावावर खूण करून ठेवत नाही.

चर्चमध्ये सिलेक्शन नसतं रे. मागच्या बाकावरच्या त्या आजी आठव, ज्यांना चष्मा लावूनही गीत सापडत नाही आणि तू पान काढून दिलंस की तुझ्या हातावर श्रीखंडाची गोळी ठेवतात. तू कुठल्या नंबरला फलंदाजी करतोस हे त्यांना ठाऊक नाही, आणि सांगितलंस तरी कळणार नाही. हंगामाच्या सणाला भोपळ्याच्या लिलावात उगाच बोली चढवून तुला गोत्यात आणणारे काकाही त्यातलेच. धावा झाल्या काय, न झाल्या काय, हे लोक 'जेवलास का' एवढंच विचारणार. अशी माणसं वर्षानुवर्षं एकाच बाकावर बसून मिळतात, सवडीने जाऊन नाही मिळत.

तुमच्या संडे स्कूलमध्ये एरिक लिडलची गोष्ट सांगतात. १९२४ चं पॅरिस ऑलिंपिक, शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी, म्हणून तो धावला नाही. मग चारशे मीटरमध्ये सुवर्णपदक, तेही विश्वविक्रमासह. गोष्ट खरी आहे. पण 'चर्चला गेलं की पदक मिळतं' असं तिचं जे तात्पर्य काढतात ना, ते मला पटत नाही. उपासनेला जाऊनही तू पहिल्या चेंडूवर त्रिफळाचीत होऊ शकतोस. शिवाय गोष्ट पॅरिसला संपत नाही. लिडल पुढे चीनमध्ये मिशनरी झाला. युद्धात जपान्यांनी त्याला छावणीत कोंडलं, तिथेच १९४५ साली तो गेला. त्या छावणीतली मुलं रविवारी पंचाशिवाय हॉकी खेळताना हातघाईवर आली, तेव्हा पुढच्या रविवारी शिट्टी घेऊन मैदानात उभा राहिला तो हाच लिडल. रविवारसाठी एकदा ऑलिंपिकची शर्यत सोडली, आणि पुढे पोरांसाठी रविवारचा स्वतःचा नियम सोडला. मला हा दुसरा लिडल जास्त आवडतो.

आणि आपल्यातलाच एक माणूस. विजय हजारे, सांगलीचे मराठी ख्रिस्ती. १९५२ साली मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली तेव्हाचे कप्तान. त्याआधी १९४३ ची पंचरंगी स्पर्धा, ब्रेबॉर्नवर अंतिम सामना. तेव्हा संघ धर्मावर पडायचे, आणि आपली माणसं 'रेस्ट'मध्ये, म्हणजे उरलेल्यांत! फॉलोऑननंतर संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यातल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. तरीही संघ डावाने हरला. पण मी तुला वारंवार सांगतो ते दुसऱ्या टोकाचं. त्यांचा भाऊ विवेक तिथे उभा होता. दोघांची भागीदारी तीनशेची, त्यात विवेकच्या धावा २१. स्कोअरबुकात एकवीस म्हणजे किरकोळ. पण तो टिकला नसता तर ते तीनशे नऊ कुठून झाले असते? वहीत न मावणारं असं पुष्कळ असतं, आणि ते ओळखायची नजर मैदानात क्वचितच लागते.

तर आता व्यवहाराचं. सामना असेल त्या रविवारी फोर्टातल्या सकाळच्या लवकरच्या उपासनेला आपण दोघं जाऊ. तिथून आझाद मैदान चालत जाता येतं. इंग्रजी उपासना आहे, चालेल. कीट बॅग मागच्या भिंतीला टेकवू, कोणी काही म्हणत नाही. दृढीकरणाचा, म्हणजे मंडळीचा पक्का सभासद होण्याआधीचा, वर्ग पाळकसाहेब शुक्रवारी संध्याकाळी घ्यायला तयार आहेत, मी विचारून ठेवलंय. मात्र महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा, आपल्या भायखळ्याच्या चर्चमध्येच. त्या दिवशी सामना नाही. यावर तू भांडशील, भांड. फायनल आली तर बोलू, पण आत्ताच शब्द देत नाही.

हे कप्तानाला तू स्वतः सांगायचंस, मोसम सुरू व्हायच्या आधी. शनिवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर 'ताप आहे' असं टाकायचं नाही. त्याने संघातून काढलं तर मला वाईट वाटेल, तुला माझ्यापेक्षा जास्त. ते होऊ शकतं, हे धरूनच विचार कर. नाहीच पटलं तर आईला मध्ये न घालता सरळ माझ्याशी बोल.

या रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक आहे, विक्रोळीहून पहाटेचीच गाडी धरावी लागेल. पांढरे मोजे आईने गच्चीवर टाकलेत, पावसाच्या आत काढून आण.

तुझे,
पप्पा