गरोदरपणातले वजन आणि आतड्यातले जीवाणू

महोदय,

‘दोन जिवांची आहे, दोघांचं खा’ हा आग्रह मराठवाड्यात घरोघरी होतो. गरोदरपणाआधीच बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 30च्या पुढे असेल, तर नऊ महिन्यांत एकूण 5 ते 9 किलो वजन वाढणे पुरेसे असते. शेवटच्या महिन्यांत वारेच्या संप्रेरकांमुळे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनचा प्रभाव तसाही कमी होतो. लठ्ठपणा त्यात भर घालतो.

इथे आतड्यातले जीवाणू कामी येतात. न पचलेला चोथा (फायबर) आंबवून ते ब्युटिरेटसारखी आम्ले बनवतात. त्यांवर मोठ्या आतड्याचे अस्तर पोसते. अस्तर सैल पडले की जीवाणूंची विषद्रव्ये रक्तात झिरपतात, शरीरात बारीक दाह धुमसतो आणि साखर चढते.

100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे 10 ग्रॅम चोथा असतो, पण पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकला की तो घटतो. उपवासाच्या साबुदाण्यात तर जवळजवळ नसतोच! जेवणात दीड भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, अंबाडीची किंवा मेथीची भाजी, ताक असावे. ज्वारी आहे म्हणून चार भाकरी नकोत, पिष्ट तिच्यातही भरपूर आहे. चोथा दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावा, पाणीही. नाहीतर पोट फुगते आणि बाई उसळच सोडते. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये, एक तासाचे अंतर ठेवावे.

प्रोबायोटिक (उपयुक्त जीवाणूंच्या) कॅप्सूल मात्र मनाने घेऊ नयेत. गर्भावस्थेतील मधुमेह त्यांनी टळल्याचे चाचण्यांत दिसले नाही, उलट रक्तदाबाच्या गुंतागुंतीची शंका आली आहे. 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची साखरेची तपासणी चुकवू नये. दोन तासांनी साखर 140 मिग्रॅ/डेसिलिटर किंवा जास्त आली तर डॉक्टरांना लगेच दाखवावे.

— एक आहारतज्ज्ञ, परभणी