कॅन्सर कुणाला झालाय आणि विचारताय कुणाला?

संपादक साहेब, नमस्कार

कॅन्सरच्या नव्या मशीनच्या बातम्या तुमच्या पेपरात बऱ्याचदा येतात, चांगलंच आहे, पण पेशंटला त्यातलं काय पाहिजे हे कोण विचारतं यावर कधी काही छापून आलेलं मला तरी आठवत नाही म्हणून हे पत्र.

माझे वडील, आण्णा, वय ६७. आयुष्यभर बाजार समितीत कांद्याचे लिलाव पुकारले. तीन-चार महिने घसा बसलेला, आम्ही हळद-दूध ज्येष्ठमध सगळं करून झालं, शेवटी दुर्बीण घालून तपासलं आणि तुकडा तपासायला पाठवला तर स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला, बराच वाढलेला. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच चालतं. डॉक्टरांनी आम्हा दोघा भावांना आत बोलावलं आणि आण्णा बाहेर बाकड्यावर. दोन रस्ते सांगितले. एक म्हणजे ऑपरेशन करून स्वरयंत्र काढायचं, मग गळ्याला कायमचं भोक आणि श्वास तिथूनच. दुसरा केमो आणि शेक म्हणजे रेडिएशन, आठवड्यातले पाच दिवस असे सात आठवडे, आवाज वाचायची शक्यता चांगली. आम्ही पाच मिनिटं पण घेतली नाहीत. लिलाव पुकारणाऱ्या माणसाचा आवाज काढायचा का? शेकच द्या म्हटलं. फॉर्मवर सही मी केली. आण्णांना सांगितलं, गाठ आहे, लाईट द्यायची आहे.

शेक देताना डोकं हलू नये म्हणून तोंडाचा जाळीचा साचा बनवतात, त्या दिवशी तिथल्या एका तरुण डॉक्टर मुलीनं सरळ विचारलं, बाबा तुम्हाला काय झालंय माहितेय का? आण्णा म्हणाले, कॅन्सर झालाय, पण पोरांना वाटतं मला माहीत नाही, म्हणून गप्प आहे. मी तिथंच उभा होतो. जमिनीत गडप व्हावं असं वाटलं.

त्या बाईंनी मग दोन्ही रस्ते त्यांना नीट समजावले. आण्णांनी तीनच गोष्टी विचारल्या, एकूण किती फेऱ्या, शेकानं गेला नाही तर पुढं काय, आणि जेवण गिळता येईल का. उत्तरं अशी की ३५ फेऱ्या, नाही गेला तर मग ऑपरेशनच आणि तेव्हा ते जास्त अवघड, आणि शेकानंतर गिळायला त्रास राहू शकतो, काहींना नळी लागते. आण्णा म्हणाले, एकदाच काय ते कापून टाका. द्राक्षाची गोडी छाटणी तोंडावर आलीय, तुम्ही दोघं बाग सोडून ३५ दिवस नाशिकला हेलपाटे घालणार का? लिलाव दुसरं कोणी पुकारेल, माझा घास माझ्या घशाखाली गेला पाहिजे.

आम्ही ज्या आवाजासाठी ठरवलं त्याची त्यांना तेवढी पडलेलीच नव्हती!

ऑपरेशनच बरोबर असं माझं अजिबात म्हणणं नाही. आण्णांचा तो खणखणीत आवाज आता नाही, याचं मला आजही वाईट वाटतं, त्यांच्यापेक्षा मलाच जास्त. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांत ३३२ पेशंटवर याच प्रश्नाचा अभ्यास झाला होता, १९९१ साली छापून आला. दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, ६८ टक्के, आणि केमो-शेकवाल्यांतल्या ६४ टक्के लोकांचं स्वरयंत्र वाचलं. म्हणजे जगण्याचा हिशोब सारखाच असेल तर बाकीचं माणसाच्या आवडीवरच येतं ना? त्याच्या आधी १९८१ मध्ये तिकडंच ३७ धडधाकट लोकांना, त्यात आग विझवणारे जवान पण होते, विचारलं होतं की आवाज राखायला आयुष्य थोडं कमी झालं तर चालेल का, तर साधारण पाचातला एक जण हो म्हणाला. कोण हो म्हणेल आणि कोण नाही हे तोंडाकडं बघून कळत नाही, पोटच्या पोरांनाही नाही.

कायदा पण हेच सांगतो. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात बाई भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं, सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सज्ञान बाईच्या जागी आईची संमती चालत नाही, जीवावर बेतलं असेल तर गोष्ट वेगळी. मग माझे आण्णा शुद्धीत बाहेर बाकड्यावर बसलेले असताना माझी सही कशी काय चालली?

डॉक्टरांवर सगळं ढकलायचं नाहीये. ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते, आणि दारातच नातेवाईक हात जोडून सांगतात, साहेब त्यांना काही कळू देऊ नका, खचतील. आम्ही पण तेच केलं. काहींना खरंच ऐकायचं नसतं, माझ्या आत्यानं तिच्या आजारपणात स्पष्ट सांगितलेलं, मला काही सांगू नका, पोराला विचारा. तेही ठीक, पण ते तिनं सांगितलं, आम्ही परस्पर ठरवलं नव्हतं. पेशंटला आत खुर्ची द्या, किती ऐकायचंय ते आधी विचारा, दोन्ही उपचार मराठीत एका कागदावर लिहून द्या आणि घरी जाऊन विचार करायला चार दिवस द्या, एवढ्याला काही मशीन लागत नाही.

आता आण्णांच्या गळ्यात बोलायचा छोटा व्हॉल्व्ह आहे. परदेशातून येणाऱ्या व्हॉल्व्हची किंमत हजारोंच्या घरात जाते, बंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी तसाच ५० रुपयांत बनवलाय, त्यावरही कधीतरी छापा. भोकावर अंगठा दाबून बोलतात, घोगरं येतं पण कळतं. मागच्या महिन्यात द्राक्षाच्या व्यापाऱ्याशी भावावरून अर्धा तास घासाघीस केली.

पत्र त्यांना वाचून दाखवलंय. छापा म्हणाले, पण खाली नाव घालू नका, गावात उगाच चर्चा नको.

तुमचा एक वाचक
ता. निफाड, जि. नाशिक