आमच्या आप्पांना घड्याळ वाचायला शिकवणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

हृदयरोगाच्या ओपीडीत, ड्युटी संपत आलेली असताना, तुम्ही आमच्या आप्पांसाठी थांबलात. तिथे धड आभारही मानता आले नाहीत, म्हणून हे जाहीर पत्र.

नातीनं स्मार्टवॉच दिल्यापासून घरात आप्पांपेक्षा त्यांच्या आकड्यांचीच विचारपूस जास्त व्हायची. पावलं भरली नाहीत म्हणून रात्री हॉलमध्ये येरझाऱ्या, आणि झोप कशी झाली विचारलं की आधी मनगटाकडे नजर! नातेवाइकांत दोन तट पडले होते. एक म्हणे काढून ठेवा ते खूळ, दुसरा म्हणे आकडा चढला की तडक इमर्जन्सीत न्या. तुम्ही दोघांचंही ऐकलं नसतंत.

तुम्ही आधी पट्टा बघितलात. सैल होऊन तो मनगटाच्या हाडावर आला होता. बोटभर वर सरकवून नीट आवळलात आणि मागचा हिरवा दिवा आप्पांना दाखवलात. रक्त हिरवा प्रकाश शोषतं. ठोक्यागणिक मनगटातलं रक्त कमीजास्त होतं, तसा परत येणारा प्रकाशही बदलतो आणि त्यावरून नाडी मोजली जाते. पट्टा हलला की हिशेब चुकला.

मग त्यांना कॉरिडॉरमध्ये झपझप चालायला लावलंत. घड्याळात ११६. थांबल्या थांबल्या तुम्ही दुसऱ्या मनगटावर बोटं ठेवून मोजलंत, तर ९२. आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. हाताच्या हेलकाव्यानं कधी कधी सेन्सर फसतो आणि ठोके समजून पावलंच मोजत बसतो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कुठे महिनाभराच्या धास्तीचा उलगडा झाला. नाडी हातानं मोजायलाही शिकवलंत: तीस सेकंद मोजून दुप्पट करा, ठोके वेडेवाकडे वाटले तर पूर्ण मिनिट मोजा.

दहा हजार पावलांचं ओझंही तुम्हीच उतरवलंत. तो आकडा कुठल्या डॉक्टरांनी ठरवलेला नाही, १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून तो रूढ झाला, हे ऐकून आप्पा खो खो हसले. मी नंतर वाचलं, की वयस्क स्त्रियांच्या २०१९ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिवसाला साधारण ४,४०० पावलांपासूनच मृत्युदर कमी दिसला आणि ७,५०० च्या पुढे त्यात फारसा फरक पडला नाही. आप्पा स्त्री नाहीत, पण त्यांना तेवढा आधार पुरला.

झोपेच्या बाबतीत तुमचा नियम आम्ही अजून पाळतो. झोप कशी झाली ते आधी स्वतः सांगायचं, मग स्कोर बघायचा. मेंदूच्या लहरी मनगटावरून मोजता येत नाहीत. हालचाल आणि नाडीवरून तो अंदाजच असतो.

या सगळ्यात तुमचा आवाज एकदाच कडक झाला. छातीत दुखलं, दम लागला, घाम फुटला तर घड्याळ बघत बसायचं नाही. त्यातला ईसीजी हार्ट अटॅक ओळखत नाही. आकडे चांगले असले तरी निघायचं.

आणि गेल्या महिन्यात घड्याळानंच ठोके अनियमित असल्याची सूचना दिली. घाबरगुंडी उडाली नाही आणि दुर्लक्षही झालं नाही. तुम्ही दाखवलं होतंत तसं आप्पांनी हात टेबलावर टेकवून, न बोलता ईसीजी काढला आणि आम्ही तो डॉक्टरांकडे नेला. त्यांनी छातीला, हातापायांना तारा लावून बारा लीडचा ईसीजी काढला आणि एट्रियल फिब्रिलेशनचं, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरण्याच्या विकाराचं, निदान केलं. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून गोळ्या सुरू झाल्या आहेत, प्रकृती ठीक आहे.

पुढच्या तपासणीला आप्पा नाडीच्या नोंदींची वही घेऊन येणार आहेत. ती डॉक्टरांच्याही आधी तुम्हाला दाखवायची, असं त्यांनी ठरवलंय. तेव्हा पाच मिनिटं काढून ठेवा. खरं तर दहाच.

आपली,
आप्पांची सून